एकसष्ट लिटर

माझं वजन बावन्न किलो आणि जुईचं नऊ. मिळून एकसष्ट लिटर.

मुक्काम हलवायच्या दिवशी हर्षल डब्याखाली वाकून टाकीचा नळ सोडायचा आणि मी बादल्या मोजायचे. वीसच्या तीन, वर एक तांब्या. तेवढं पाणी उतरलं की डब्याच्या चाकांवरचा भार नोंदीतल्या भाराशी जुळायचा. नोंदीत असायचं, डबा रिकामा. मग मी जुईला कडेवर घेऊन त्या रिकाम्या डब्यात चढायचे आणि आतून दार ओढून घ्यायचे.

जुईचं वजन मी दर पंधरवड्याला करते. शंभर ग्रॅम वाढलं की कुठल्याही आईला बरं वाटतं, मलाही वाटायचं. पण त्याच्याच पाठोपाठ मनात यायचं, आता तांब्या जरा मोठा घ्यावा लागणार.

हर्षल बोरसे, माझा नवरा, सौरपट्ट्या धुण्याच्या कामावर आहे. धुळ्यापासून पार मराठवाड्यापर्यंत माळामाळांवर पट्ट्यांची शेतं झाली आहेत. पट्टीवर धूळ बसली की वीज घटते, म्हणून धुणारे चार दिवस इथे, चार दिवस तिथे असे वर्षभर फिरत असतात. आमच्या तीन गाड्या. पुढे ओढगाडी, तिच्यात एकच खुर्ची, ती हर्षलची. मधे धुणयंत्र. शेवटी डबा, म्हणजे आमचं घर. एक पलंग, एक शेगडी, एक मोरी आणि जुई झाल्यावर छताच्या कडीला टांगलेली झोळी.

या तिघांच्या मधे लोखंडी दांडा नाही. लग्न ठरत होतं तेव्हा हर्षलने मला मुद्दाम तेच दाखवायला नेलं होतं. मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली, म्हणून त्याला वाटलं मुलीला हे आवडेल. ओढगाडी यार्डात माणसाच्या चालीने जात होती आणि तिच्यामागे वीतभर अंतरावर डबा, जणू दोरीने बांधल्यासारखा.

"हात घाल मधे," तो म्हणाला.

"वेडा आहेस का?"

"घाल तर."

मी हात घातला. मधे फक्त हवा होती. डब्याने माझा हात पाहिला आणि दोन बोटं मागे राहिला. मी हात काढल्यावर पुन्हा पुढे आला. मला हसूच आलं. लग्नाला हो म्हणायचं ते मी तिथेच ठरवलं, हे हर्षलला अजून माहीत नाही.

मागच्या गाडीच्या आसातच मोटर असते. पुढच्या गाडीवर प्रकाशाचा ठिपका टाकून ती अंतर मोजत राहते, सेकंदाला दोनशे वेळा. अंतर केसभर वाढलं की जोर लावते, घटलं की आवरतं घेते. हा नुसता पाठलाग नसतो. चढावर मागची किती दमतेय हे रेडिओवरून पुढचीला कळतं आणि पुढची तेवढी मंदावते. दांडा जे जे करतो ते सगळं होतं, फक्त दांडा नसतो. आणि इतकं जवळून चालल्यावर मागचीला वारा लागत नाही, बॅटरी पुष्कळ वाचते.

दांडाच नाही, तर मग ही एक गाडी की तीन, असा प्रश्न काही वर्षं कोर्टात चालला होता म्हणे. निकाल लागला, एक. आणि एक म्हटली की लांबीचा कायदा आला. पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत, मधल्या फटी धरून, मागे माणसं बसलेली गाड्यांची जोड अठरा मीटरपर्यंत. शेवटच्या डब्यात नुसता माल असेल तर बावीस. यात चुकीचं काही नाही. लांब जोडीचं शेपूट वळणावर आत कापत येतं, वाऱ्यात हेलकावतं. अशा शेपटात माणसं बसवू नयेत, एवढंच कायद्याचं म्हणणं.

आमची जोड सतरा मीटर नव्वद भरायची. दर पन्नास-साठ किलोमीटरवर मोजणीची कमान लागते. तिच्याखालून जाताना दुसऱ्या टोळीचे दादाभाऊ रेडिओवर ओरडायचे, "पोटं आत घ्या रे!" मग सगळे ड्रायव्हर हसत फटी दोन बोटांवर आणायचे. आम्हाला त्याची गरज नव्हती, तरी हर्षलही घ्यायचा. गंमत म्हणून. इंटरकॉमवर मला म्हणायचा, "कृतिका, तूही घे."

"मी काय खाते एवढं?"

"काल तीन भाकरी."

मग कंपनीने नवं धुणयंत्र दिलं. निम्म्या पाण्यात दुप्पट पट्ट्या धुणारं, आणि जुन्यापेक्षा एक मीटर सत्तर सेंटिमीटर लांब. आता आम्ही भरत होतो एकोणीस मीटर साठ.

त्या संध्याकाळी हर्षलने फीत घेऊन तिन्ही गाड्या पुन्हा मोजल्या. जणू मोजल्याने कमी होणार होत्या. मी शेगडीपाशी उभी राहून खिडकीतून बघत होते. शेवटी तो आत आला आणि जुईच्या झोळीला हलकेच झोका देत म्हणाला, "शीतलताईकडे राहाल का थोडे दिवस? चाळीसगावला?"

शीतलताई त्याची मोठी बहीण. मन वाईट नाही, जीभ आहे. लग्नानंतर पहिल्यांदा आमचा डबा पाहून म्हणाली होती, "बरंय बाई, घर पण आणि ते रस्त्यावर पण."

"थोडे म्हणजे किती?" मी विचारलं.

"बघू ना."

"बघू म्हणजे?"

"कंपनी यंत्र परत घेणार नाही, कृतिका."

एकदा आम्ही दुसरा मार्गही करून पाहिला. डबा माल म्हणून त्याच्यासोबत आणि मी जुईला घेऊन एसटीने. पट्ट्यांची शेतं गावात नसतात. स्टँडवरून पुढे वडापची जीप, वडापनंतर अकरा किलोमीटर एका टेम्पोत चाऱ्याच्या पेंढ्यांवर. आम्ही पोचलो दुसऱ्या दिवशी दुपारी. जुईला ताप. हर्षल पट्ट्यांच्या दहाव्या रांगेत होता, त्याने लांबून हात केला. चौथ्या दिवशी पुन्हा तेच करायचं होतं.

उपाय दादाभाऊंच्या बायकोने सांगितला. सिंधुवहिनी. कपडे वाळत घालता घालता, अगदी सहज. "अगं, रिकामा लावायचा. आम्ही सगळ्याच तशा जातो. वजनाइतकं पाणी काढायचं, फोन बंद ठेवायचा म्हणजे गाडीला आत माणूस आहे ते कळत नाही. मी तर जाडी, चार बादल्या जातात माझ्या!" आणि हसून हसून तिच्या हातातला टॉवेल खाली पडला.

हर्षलने हे कधीच सुचवलं नव्हतं. ते मी सुचवलं. हे मला स्पष्ट लिहायला हवं. "रिकामा लाव," मी म्हणाले. मला शीतलताईच्या मागच्या खोलीत बसून फोनची वाट बघायची नव्हती. त्याच्यामागे वीतभर अंतरावर राहायचं होतं.

पण रिकाम्या डब्याचे नियम वेगळे. मी माहितीपुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचते. औषधाच्या बाटलीबरोबर येणारा कागदही वाचते. रिकाम्या डब्यातले पंखे बंद राहतात. इंटरकॉम बंद राहतो. आणि सदतिसाव्या पानावर होतं, की जोराच्या वाऱ्यात डब्यात माणसं असतील तर सगळी जोड मंदावते, एकत्रच राहते. डब्यात माल असेल आणि पुढच्या गाड्यांना धोका दिसला, तर शेवटचा डबा सोडून दिला जातो. तो आपला आपण कडेला उभा राहतो.

मी ते पान हर्षलला दाखवलं.

"तीन वर्षांत एकदा तरी सुटलाय का डबा?" तो म्हणाला.

"तीन वर्षं तो रिकामा नव्हता."

"तू ना, जुईच्या आधीपासूनच अशी आहेस." तो हसला, पुस्तक मिटून पलंगावर ठेवलं. "मी पुढे आहे ना. आरशात दिसतंय सगळं."

आरशात त्याला धुणयंत्र दिसायचं. डबा त्याच्यामागे झाकलेला असायचा, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तसे आम्ही सहा मुक्काम केले. तीन-तीन तासांचा प्रवास. मी चादर ओली करून झोळीवर टाकायचे. हातातला छोटा पंखा जुईकडे धरायचे, हात भरून आला की दुसऱ्या हातात. समोरच्या काचेतून धुणयंत्राची पिवळी पाठ दिसायची, त्यावरचा धोक्याचा त्रिकोण, आणि दुसरं काही नाही. आधी या तीन तासांत हर्षल बोलत असायचा. वाटेत काय दिसतंय ते सांगायचा, कुठे कलिंगडांचा ढीग, कुठे नवं तळं. आता मी त्या त्रिकोणाकडे बघत जुईचे श्वास मोजायचे. मिनिटाला तीस, बत्तीस, अठ्ठावीस. मुक्कामाला पोचल्यावर तो दार उघडायचा. सुरुवातीला आधी जुईला घ्यायचा, माझ्या कपाळाला हात लावायचा. चौथ्या का पाचव्या मुक्कामापासून आधी टाकी भरायला पाइप लावू लागला. पाणी भरून घेणंही गरजेचंच होतं, नाही असं नाही.

एकदा मी म्हटलं, "आत फार एकटं वाटतं रे."

"मला काय पुढे जत्रा भरते?" तो म्हणाला. तेही खरंच होतं.

सातवा मुक्काम मे महिन्यात आला. घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला यायचं होतं. सकाळी अकराला निघालो. दोन कमानी पार झाल्या. घाट सुरू झाल्याचं मला झोळीवरून कळलं, ती पुढच्या बाजूला कलली.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर दरीकडून वारा आला. आधी धूळ काचेवर तडतडली, मग डबा एका बाजूने उचलल्यासारखा झाला. ताटं खाली आली. मी झोळीला मिठी मारली. पुढे पाहिलं तर तो पिवळा त्रिकोण लहान होत होता. हातभर लांब. पुरुषभर लांब. मग धुणयंत्र वळणाआड गेलं आणि काचेत नुसता रस्ता राहिला.

तीन वर्षांत मी पहिल्यांदाच समोरचा रस्ता बघत होते.

डबा घाबरला नाही. सावकाश मंदावला, डावीकडे सरकला, दरडीला लागून उभा राहिला आणि चाकं आवळल्याचा आवाज आला. जुई जागी झाली होती. रडत नव्हती, ताटांकडे बघत होती.

मी दाराशी गेले. दांडी फिरवली, ढकललं. दार तीन बोटं उघडलं आणि खडकाला टेकलं. रिकामा डबा जागा अडवू नये म्हणून दरडीला चिकटून उभा राहतो. आत माणसं असती तर त्याने दारापुरती जागा सोडली असती. हे त्या पुस्तकात नव्हतं, ते मला खडकाने सांगितलं. मागची खिडकी चार बोटं उघडते. तिच्यातून भट्टीतल्यासारखी हवा आत आली.

फोन चालू केला. दरडीखाली रेंज नव्हती.

मी स्वतःला सांगितलं, हर्षलला कळलं असणार. त्याच्या पडद्यावर लाल अक्षरं आली असणार. घाटात त्याला थांबता येत नाही, वळता येत नाही. खाली पोचायला पंधरा मिनिटं, कुणाची तरी मोटारसायकल घेऊन वर यायला पंधरा. तीस मिनिटं. टाकीतलं पाणी मोरीत येत होतं, कोमट. मी जुईचे कपडे काढले, तिला पंचाने पुसत राहिले. भिंतीवरचा तापमापक एकेचाळीस दाखवत होता. मग त्रेचाळीस. श्वास चाळीस. मग अठ्ठेचाळीस. तीस मिनिटं झाली. पस्तीस झाली. तिने पंचा चोखायचं सोडून दिलं आणि माझ्या खांद्यावर मान टाकली. ती मान मला आवडली नाही.

दाराजवळ मार्गमदतीचं लाल बटण असतं, आतून आणि बाहेरून दोन्हीकडून दाबता येईल असं. त्याचा रेडिओ वेगळा, तो दरडीखालूनही लागतो. मी ते दाबलं.

"मार्गमदत, बोला." तरुण मुलाचा आवाज. मागे कुणीतरी चहाचं विचारत होतं.

"डबा सुटलाय. घाटात."

"हो, दिसतोय आम्हाला. ताई, तुम्ही रस्त्याने जाणाऱ्या का? त्या डब्यापासून जरा लांब उभ्या राहा बरं. तो आपोआप हलू शकतो."

तो पुढे म्हणाला, "काळजी करू नका, डबा रिकामा आहे. ओढगाडीच्या चालकाशी बोलणं झालंय ना. तेच म्हणाले, रिकामा आहे, घाई नाही. तीनपर्यंत गाडी येईल न्यायला."

"काय म्हणाले ते?"

"रिकामा आहे म्हणाले, ताई."

"घाई नाही, असं म्हणाले?"

"हो. का? तुमची गाडी अडलीय का?"

मला हर्षलची बाजू कळत होती. तो बोलला तेव्हा त्याच्या डोक्यात मोटारसायकलच असणार. त्यांना तीन वाजेपर्यंत लांब ठेवायचं, तोवर आपण वर जाऊन दोघींना काढायचं, कुणाला कळायला नको. मीही कदाचित हेच ठरवलं असतं. सगळं कळत होतं. जुईचा श्वास बावन्न होता.

मी आहे म्हटलं, की नोंद बदलणार. नोंद बदलली की त्याचा परवाना, कंपनी, यंत्र, सगळं गेलं. आणि आमची जोड अठरात बसत नाही हे कायमचं कागदावर येणार. त्यानंतर त्याच्यामागे आम्ही नाही. रिकामं राहायचं तर फक्त गप्प बसायचं होतं, वाट बघायची होती. त्या कामात मी आता चांगली तयार झाले होते.

"ताई? आहात का?"

"या डब्यात दोन माणसं आहेत," मी म्हणाले. "मी आणि माझी चौदा महिन्यांची मुलगी. दार खडकाला लागलंय. पंखे चालू करा."

मागचं चहाचं बोलणं थांबलं.

"आत?" तो मुलगा म्हणाला. मग त्याचा आवाज एकदम बदलला. "ताई, बाळाला जमिनीवर घ्या, मधोमध बसा. डबा मीटरभर उजवीकडे घेतोय. घेऊ?"

"घ्या."

पंखे सुरू झाले. डब्याने अगदी हळू, तेव्हा यार्डात माझा हात पाहून मागे सरला होता तसा, दरडीपासून अंग सोडवलं. मी दार उघडलं. खडकाच्या सावलीत जुईला मांडीवर घेऊन बसले, चमच्या-चमच्याने पाणी पाजलं. दहा मिनिटांनी ती रडली. इतकी जोरात, की रेडिओवरून तो मुलगा म्हणाला, "झकास!"

हर्षल मोटारसायकलवरून पोचला तेव्हा मदतीची गाडी घाटाच्या वरच्या बाजूने आधीच आली होती. त्याच्या रस्त्यात खाली तेलाचा टँकर आडवा झाला होता, म्हणून उशीर. शर्ट पाठीला चिकटलेला, चेहऱ्यावर धूळ. त्याने जुईला उचललं आणि तिच्या पोटात तोंड खुपसून तसाच उभा राहिला. खांदे हलत होते. मग मदतीच्या गाडीकडे पाहून हळूच म्हणाला, "सांगितलंस?"

"हो."

त्याने जुईला खांद्यावर घेतलं. मी 'घाई नाही' हे शब्द त्याच्यासमोर काढले नाहीत. ते मला माहीत आहेत, हे त्याला अजून माहीत नाही.

घाटाच्या पायथ्याशी मोजणीखात्याचं यार्ड आहे. तिथे सुरवाडे मॅडम म्हणून निरीक्षक होत्या. पन्नाशीच्या, चष्मा केसांत खोचलेला. आधी त्यांनी जुईला डॉक्टरांकडून तपासून घेतलं, तिला बिस्कीट दिलं, मला लिंबाचं पाणी पाजलं. मग टेबलापाशी बसवलं. हर्षल माझ्या शेजारी उभा.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "चालकाला माहीत असताना माणसं बसवली असतील, तर परवाना वर्षभर बंद. आणि प्रवासी आपणहून, चालकाला न सांगता चढला असेल, तर चालकाला काही नाही. डबा जोडीतून सुटा करायचा, इथेच उभा राहील. आणि त्या प्रवाशाला वर्षभर कुठल्याही जोडीत बसायला बंदी." त्यांनी पेन उचललं. "तर, मिस्टर बोरसे. माहीत होतं का तुम्हाला?"

हर्षलने माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहिली. बाहेर कुणीतरी ट्रकच्या चाकावर हातोडी मारून बघत होतं, टण्, टण्, टण्. त्याचा परवाना गेला असता तर आम्ही तिघं वर्षभर एका जागी राहिलो असतो. कुठेही, शीतलताईच्या मागच्या खोलीतसुद्धा. तो हो म्हणेल असं मला वाटत होतं असं नाही. त्याच्या तोंडून ते कसं ऐकू येईल एवढंच मला बघायचं होतं.

"कृतिका सांगेल," तो म्हणाला.

मॅडमनी माझ्याकडे मान वळवली.

"त्याला माहीत नव्हतं," मी म्हणाले. "तो पुढे बसल्यावर मी चढले."

"निघतानाच टाकीत एकसष्ट लिटर कमी होतं."

"मीच काढलं."

"वीसच्या तीन बादल्या. मूल कडेवर घेऊन, डब्याखाली वाकून?"

"हो."

हर्षलच्या पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर सकाळचा चिखल वाळलेला होता. मॅडमनी तो पाहिला. मग चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मी सांगितलं तसं लिहिलं. मी सही केली. हर्षलने श्वास सोडला. जुईमुळे मला श्वास ऐकायची सवय झाली आहे. तो मोकळा श्वास होता, ओझं उतरल्यावर माणूस सोडतो तसा. माझ्याकडे त्याचं लक्ष गेलं तेव्हा तो घाईने गंभीर झाला.

पट्ट्यांवर दुसऱ्या दिवशी सकाळी हजर व्हायचं होतं, त्यामुळे त्याला चारलाच निघावं लागलं. त्याने डब्याला वीज जोडून दिली, टाकी काठोकाठ भरली, गॅसची नळी तपासली, दाराच्या बिजागरीला तेल घातलं.

"ताईकडे जायचं तर सांग, ती येईल न्यायला," तो म्हणाला.

"नको. घर आहे की."

"पंधरा दिवसांनी या बाजूला येतोच मी."

"ये."

"तू माझ्यावर चिडलीस का?"

"उन्हं उतरायच्या आत पोच," मी म्हणाले.

तो खुर्चीत बसला. ओढगाडी हलली, तिच्यामागे धुणयंत्र. दोन्ही मिळून तेरा मीटर नव्वद. कुठल्याही कमानीखालून आता त्याला पोट आत घ्यावं लागणार नव्हतं. फाटकाशी त्याने खिडकीतून हात बाहेर काढला, आणि हात आत घेण्याआधीच वळणही घेतलं.

सुरवाडे मॅडम चाकांना कुलूप घालत होत्या. ओणव्यानेच म्हणाल्या, "एक आहे पोरी, उभ्या घराला लांबीचा कायदा नाही. पुढे पडवी काढ, मागे ओटा काढ. कुणी विचारायचं नाही." मग किल्ली माझ्या हातात देऊन त्या कचेरीत गेल्या.

मी जुईला खाली सोडलं. डब्यात ती नुकती उभी राहायला लागली होती, पलंग ते शेगडी एवढंच चालायची आणि कशाला तरी धरायची. इथे धरायला काही नव्हतं. यार्ड रिकामं, सपाट, ऊन तिरपं झालेलं. ती क्षणभर हात पसरून डुलली आणि चालायला लागली. फाटकाकडे नाही, माझ्याकडे नाही, भलतीकडेच, जिथे काहीच नव्हतं तिकडे. पाच पावलं, सहा पावलं. मागे वळून बघेल असं वाटलं. बघितलं नाही. मी तिच्यामागून निघाले, वाकून, दोन्ही हात तिच्या दोन बाजूंना धरून, तिला न लावता. ती थांबली की मी थांबत होते.